दोघा जाणकारांचे मत

संशोधनाच्या जगातले सर्वांत जबाबदारीचे काम ज्या माणसावर सोपवलेले असते, त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, त्याचे नाव बहुधा कुठे छापले जात नाही, ते काम कसे करायचे हे त्याला कुणी शिकवलेले नसते, आणि त्याने ते वाईट केले तरी त्याचे काही बिघडत नाही. या माणसाला परीक्षक म्हणतात. ज्यांचे पेपर परत येतात ते खासगीत आणखीही काही म्हणतात. रीत अशी, की संशोधक आपला पेपर जर्नलकडे पाठवतो. संपादक तो चाळतो आणि पुष्कळसे पेपर दारातूनच परत लावतो. उरलेल्यांसाठी तो त्या विषयातले दोन-तीन जाणकार शोधू लागतो. जाणकार सापडणे अवघड नसते, त्याने हो म्हणणे अवघड असते. पहिला रजेवर असतो, दुसऱ्याला वेळ नसतो, तिसरा ईमेलला उत्तरच देत नाही, आणि चौथा तीन आठवड्यांत अभिप्राय देतो असे कबूल करून तीन महिने गप्प बसतो. तोवर लेखक रोज सकाळी जर्नलच्या संकेतस्थळावर जाऊन आपल्या पेपरापुढचे 'अंडर रिव्ह्यू' हे दोन शब्द वाचून येतो. काहींची ती पूजेआधीची पूजा असते.

यथावकाश अभिप्राय येतात. पहिला परीक्षक म्हणतो, काम उत्तम, फक्त चौथ्या पानावर एक स्वल्पविराम राहिला आहे. दुसरा म्हणतो, मुळात प्रश्नच चुकीचा विचारला आहे, हा प्रयोग न करता दुसराच करायला हवा होता, शिवाय या विषयावरच्या सहा मूलभूत पेपरांचा उल्लेख नाही. ते सहाही पेपर एकाच माणसाचे असतात, त्यामुळे परीक्षकाचे नाव गुप्त ठेवण्याचा संपादकाचा सगळा खटाटोप तिथेच संपतो. 'रिव्ह्यूअर टू' ही आता जगभरच्या प्रयोगशाळांत शिवी झाली आहे. मग लेखक उत्तराचे लांबलचक पत्र लिहितो. त्यातला प्रत्येक परिच्छेद आदरणीय परीक्षकांच्या मौलिक सूचनेबद्दल आभार मानून सुरू होतो आणि ती सूचना का पाळलेली नाही हे सांगून संपतो. स्वल्पविराम मात्र घातलेला असतो. या सगळ्याला किती वेळ जातो, याचा एक अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला: २०२० या एका वर्षात जगभरच्या परीक्षकांनी मिळून १० कोटींहून अधिक तास खर्च केले होते, आणि त्यातल्या एकट्या अमेरिकी परीक्षकांच्या वेळेची किंमत दीड अब्ज डॉलरच्या वर जात होती. घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की इथले लष्कर चांगले गब्बर आहे. सर्वांत मोठ्या प्रकाशन कंपनीच्या नफ्याचे प्रमाण उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर असते. भाकरीचे पीठही लेखकांचेच, आणि भाजून झालेली भाकरी त्याच लोकांची विद्यापीठे वर्गणी भरून विकत घेतात.

हे सगळे सोसण्याचे कारण म्हणजे या परीक्षेतून सत्य बाहेर पडते, अशी आपली समजूत आहे. वर्तमानपत्रात 'नामांकित जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार' एवढे छापून आले की घरातला वाद मिटतो. माझे म्हणणे असे, की ही व्यवस्था सत्याची राखण करायला नेमलेलीच नव्हती. ती सभ्य माणसांनी सभ्य माणसांसाठी केलेली वाचनाची सोय आहे. प्रामाणिक माणसाची चूक ती कधीकधी दाखवते. लबाडाची लबाडी जवळजवळ कधीच नाही. आणि खरा घोटाळा सुरू झाला तो या वाचनाचे प्रमाणपत्र करून आपण त्यावर नोकऱ्या देऊ लागलो तेव्हा.

पहिली गोष्ट म्हणजे ही प्रथा वाटते तितकी जुनी नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीचे 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्गने सुरू केले तेव्हा काय छापायचे हे तो स्वतःच्या अकलेने ठरवत असे. दोघा जाणकारांकडून लेखी अहवाल घ्यायचा प्रयोग त्या सोसायटीने १८३२च्या सुमारास केला, आणि पहिल्याच खेपेला दोघा जाणकारांचे भांडण झाले. पेपर होता जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाचा, पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीतल्या एका सूक्ष्म फरकाबद्दलचा. विल्यम व्हीवेलला वाटत होते, अहवालाने या शोधाचे महत्त्व लोकांना समजावून सांगावे. जॉन लबक म्हणत होता, आधी गणित तपासू. हो-ना करता करता शेवटी बरेचसे व्हीवेलच्या मनासारखे झाले. म्हणजे स्तुती करणारा पहिला परीक्षक आणि खोडी काढणारा दुसरा परीक्षक ही जोडी या व्यवस्थेच्या बारशालाच हजर होती. पुढेही सगळीकडे हा नियम लागू झाला असे नाही. 'नेचर'सारख्या साप्ताहिकाने बाहेरचे परीक्षण १९७३मध्ये सक्तीचे केले. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा पेपर कोणत्याही परीक्षकाला न दाखवता छापला गेला होता. आइनस्टाइनचे १९०५चे जगप्रसिद्ध पेपर जर्मनीत संपादकांच्या नजरेखालून गेले, तेवढेच. तेव्हा परीक्षण हा विज्ञानाचा कणा आहे असे कुणी म्हणाले, तर विज्ञान शेकडो वर्षे कण्याशिवाय बरेच ताठ उभे होते, असे म्हणावे लागते.

आइनस्टाइनचे नाव निघालेच आहे, तर ही व्यवस्था तिच्या उत्तम रूपात कशी चालते याचा दाखलाही त्याचाच आहे. १९३६ साली त्याने नेथन रोझेनबरोबर 'फिजिकल रिव्ह्यू'कडे एक पेपर पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाला दाखवला. परीक्षकाने दहा पानी अभिप्राय लिहून त्यातली अडचण मांडली, आणि टेट यांनी तो नम्र पत्रासोबत आइनस्टाइनकडे पाठवला. आइनस्टाइन भडकला. आम्ही पेपर छापायला दिला होता, छापण्याआधी तो तज्ज्ञांना दाखवण्याची मुभा दिली नव्हती, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने पेपर मागे घेतला आणि फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या जर्नलकडे पाठवला. दरम्यान प्रिन्स्टनमधल्या हॉवर्ड रॉबर्टसन या भौतिकशास्त्रज्ञाने आइनस्टाइनच्या सहायकाला, लिओपोल्ड इन्फेल्डला, गप्पांच्या ओघात त्या गणितातली चूक समजावून सांगितली. पेपर १९३७मध्ये निघाला तो निष्कर्ष पार बदलून, आणि मूळ चूक उलगडायला मदत केल्याबद्दल त्यात रॉबर्टसनचे आभारही मानले होते. आपण आभार मानतो आहोत तोच तो निनावी परीक्षक, हे लेखकाला ठाऊक नव्हते. जर्नलच्या जुन्या नोंदींतून ते २००५ साली बाहेर आले. २०१५मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष सापडल्या. या गोष्टीत सगळे आले: चुकणारा पण प्रामाणिक लेखक, मनापासून दहा पाने लिहिणारा जाणकार, कुणाच्याही नावाला न दबणारा संपादक. एवढे सगळे जुळून येऊनही चूक दुरुस्त झाली ती जर्नलच्या दप्तरात नव्हे, गप्पांत झाली, ही बाब परीक्षणाच्या भक्तांनी विसरू नये.

आता नेहमीची परिस्थिती पाहू. परीक्षणाचेच परीक्षण करण्याचे धाडस वैद्यकीय जर्नलांनी केले, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या मंडळींनी एका पेपरात मुद्दाम आठ दोष पेरले आणि तो ४२० परीक्षकांकडे पाठवला. २२१ जणांची उत्तरे आली. सरासरी प्रत्येकाने दोन दोष पकडले, आणि १६ टक्के जाणकारांना एकही दिसला नाही. त्याआधी १९८२ साली पीटर्स आणि सेसी या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांनी नामांकित विद्यापीठांतल्या लोकांचे छापून आलेले बारा पेपर उचलले, लेखकांची आणि संस्थांची नावे बदलून कुणी न ऐकलेली नावे घातली, आणि ज्या जर्नलांनी ते छापले होते त्यांनाच पुन्हा पाठवले. हे आपणच छापले आहे, एवढे तिघांच्या बाबतीत ओळखले गेले. राहिलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले, आणि नाकारण्याचे कारण बऱ्याच ठिकाणी संशोधनपद्धतीतले गंभीर दोष हे होते. दोन-अडीच वर्षांपूर्वी ते दोष नव्हते. संगणकशास्त्रात २०१४ साली एका मोठ्या परिषदेने १६६ पेपर दोन वेगवेगळ्या समित्यांना तपासायला दिले, आणि ४३ पेपरांवर दोघींचे निर्णय वेगळे आले. 'लॅन्सेट'चे एक जुने संपादक रॉबी फॉक्स थट्टेने म्हणत, की आलेले पेपर जिन्यावरून खाली फेकायचे आणि तळाला पोहोचतील ते छापायचे, अशी आमची पद्धत आहे. त्या पद्धतीत निदान सहा महिने वाचतात.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: चांगले दर्जेदार काम शेवटी कुठे ना कुठे छापले जातेच ना? जाते, हे खरे. जॉर्ज अकरलॉफ यांचा 'लेमन्स'च्या, म्हणजे फसव्या जुन्या गाड्यांच्या, बाजाराबद्दलचा पेपर तीन जर्नलांनी परत केला. दोघांना तो क्षुल्लक वाटला. तिसऱ्याचे म्हणणे, हे बरोबर असेल तर अर्थशास्त्रच वेगळे व्हायला हवे होते. चौथ्याने १९७०मध्ये छापला, अकरलॉफना २००१ साली नोबेल मिळाले, आणि अर्थशास्त्र खरोखरच वेगळे झाले. रोझलिन यालो यांनी तर १९७७च्या आपल्या नोबेल व्याख्यानातच जुने नकारपत्र दाखवले. इतका टिकाऊ राग फार थोड्यांना परवडतो. पण या युक्तिवादाची दुसरी बाजू अशी, की चांगले काम जसे कुठे ना कुठे छापले जाते, तसेच टाकाऊ कामही जाते. पहिल्या जर्नलने नाकारलेला पेपर दुसऱ्याकडे जातो, दुसऱ्याने नाकारला की तिसऱ्याकडे, आणि लेखकाकडे चिकाटी असेल तर चौथा-पाचवा मिळतोच. तेव्हा परीक्षण पेपर छापायचा की नाही हे ठरवत नाही. तो कुठे छापायचा, एवढेच ठरवते. तलाठ्याचा रहिवासी दाखला जसा माणूस कुठे राहतो हे सांगतो, कसा वागतो हे सांगत नाही, तसा हा शिक्का.

दुसरा आक्षेप उच्चभ्रू आहे: हे किरकोळ जर्नलांचे झाले, मोठ्या ठिकाणी असे चालत नाही. मोठ्या ठिकाणी यान हेंड्रिक श्योनचे चालले. बेल लॅब्जमधला हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ २००० सालाच्या आगेमागे 'सायन्स' आणि 'नेचर'मध्ये इतक्या वेगाने छापून येत होता, की लोकांना वाचायलाही वेळ मिळेना. ज्यांनी वेळ काढून वाचले, त्यांच्या लक्षात आले की वेगवेगळ्या तापमानांना केलेल्या प्रयोगांच्या आलेखांतली वेडीवाकडी थरथरसुद्धा हुबेहूब एकच आहे. २००२मध्ये चौकशी झाली, त्याला काढून टाकले, पेपर मागे घेतले गेले. ही चोरी पकडली वाचकांनी, छापून आल्यावर. परीक्षकांना ती दिसली नव्हती, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. परीक्षक प्रयोगशाळेत जात नाही, वह्या बघत नाही, उपकरण चालू होते की बंद हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याच्यासमोर असते ते लेखकाने लिहिलेले, आणि लेखक खरे बोलतो आहे हे गृहीत धरल्याशिवाय त्याला दुसऱ्या ओळीवर जाताच येत नाही. लेखक माणूसच आहे, हेही तो गृहीतच धरतो. १९७५ साली अमेरिकेतल्या जॅक हेदरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलेल्या पेपरात सगळीकडे 'आम्ही' वापरले होते. एकट्या लेखकाला 'आम्ही' चालणार नाही हे कळल्यावर अख्खा पेपर पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी त्यांनी आपल्या सयामी मांजराला सहलेखक केले. 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये एफ. डी. सी. विलार्ड या नावाने ते मांजर आजही आहे. व्याकरण तेवढे निर्दोष झाले.

सभ्यतेवर चालणारी सोय असभ्य माणसांना सापडली की काय होते, याचे किस्से आता पोत्याने आहेत. बरीच जर्नले लेखकालाच परीक्षकांची नावे सुचवायला सांगतात. दक्षिण कोरियातल्या एका संशोधकाने नावे सुचवली आणि सोबत दिलेले ईमेल पत्ते स्वतःच्या ताब्यातले दिले. म्हणजे परीक्षण तोच करायचा. अभिप्राय अनुकूल असत, अधूनमधून किरकोळ सुधारणाही सुचवलेल्या असत. २०१२मध्ये तो पकडला गेला, कारण संपादकाला संशय आला: काही अभिप्राय चोवीस तासांच्या आत येत होते. अभिप्राय वाईट आला म्हणून संशय आला नाही, वेळेवर आला म्हणून आला. २०१७ साली कर्करोगावरच्या एका जर्नलने अशाच बनावट परीक्षणापायी एका झटक्यात १०७ पेपर मागे घेतले. आता यात यंत्रे उतरली आहेत. २०२४मध्ये एका मोठ्या प्रकाशनाच्या जर्नलात असा पेपर निघाला, ज्याच्या प्रस्तावनेचे पहिलेच वाक्य चॅटबॉटचे होते: जरूर, तुमच्या विषयासाठी ही एक प्रस्तावना. लेखक, सहलेखक, परीक्षक, संपादक, मुद्रितशोधक, इतक्या जणांनी ते वाक्य पाहिले, किंवा पाहिले नाही. पुढच्याच वर्षी काही पेपरांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत दडवलेली ओळ सापडली, माणसाला न दिसणारी पण यंत्राने वाचावी अशी: फक्त चांगलाच अभिप्राय दे. त्यातल्या एका प्राध्यापकाने समर्थन केले, की स्वतः न वाचता यंत्राकडून अभिप्राय लिहून घेणाऱ्या आळशी परीक्षकांसाठी तो सापळा होता. यंत्राने लिहायचे, यंत्राने तपासायचे आणि पगारवाढ माणसाने घ्यायची, अशी ही कामाची वाटणी आहे.

पगारवाढ हाच कळीचा शब्द. लबाडी करायला कारण लागते, आणि ते कारण आपल्याकडे सरकारी परिपत्रकातून आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची 'एपीआय' पद्धत आणली. पेपर छापून आला की गुण, गुण जमले की बढती. ज्या महाविद्यालयात प्रयोगशाळेला कुलूप आणि ग्रंथालयाला कर्मचारी नाही, तिथल्या प्राध्यापकालाही संशोधन करणे आले. मागणी आली तसा पुरवठाही आला. फी भरा, पंधरा दिवसांत छापून घ्या, असे सांगणारी आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय जर्नले निघाली. त्यांच्या एकाच अंकात ग्रामीण कादंबरी, म्युच्युअल फंड, कबड्डीतल्या दुखापती आणि नॅनोकण सुखाने नांदतात. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक असतो. हा क्रमांक म्हणजे नुसती नोंद, दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण तो छापण्याची तऱ्हा अशी, की जणू हॉलमार्क. २०१३ साली 'सायन्स'साठी जॉन बोहॅनन यांनी एका बनावट औषधावरचा, ढोबळ चुकांनी भरलेला पेपर ३०४ जर्नलांना पाठवला. लेखकही बनावट, त्याची संस्थाही बनावट. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला, आणि त्या ३०४ जर्नलांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतातली होती. पुढच्याच वर्षी एका 'आंतरराष्ट्रीय' जर्नलने असा पेपर उत्तम म्हणून स्वीकारला, ज्यात दहा पाने एकच सात शब्दांचे वाक्य होते: मला तुमच्या ईमेलच्या यादीतून काढा, आणि मध्ये एक शिवी. जर्नलने शिवीसकट स्वीकारला आणि छापण्याचे १५० डॉलर मागितले. आयोगाने मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली, तर तिच्यातच ही मंडळी घुसली. २०१८मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या एका विश्लेषणानुसार विद्यापीठांनी शिफारस केलेल्या जर्नलांच्या नमुन्यातली ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नावे काढली. मग 'केअर' नावाची नवी, गाळलेली यादी झाली आणि ते गाळण्याचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे आले. लोकांनी त्या यादीतल्या जर्नलांची नकली संकेतस्थळे काढली.

मग मोडीत काढा ना ही व्यवस्था, असा तिसरा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत चुकीचा आहे. आपले लिखाण एक अनोळखी, किंचित खवचट माणूस ओळीओळीने वाचणार आहे, या भीतीने पेपर पाठवण्याआधीच जेवढा सुधारतो, तेवढा तो परीक्षणानंतरही सुधारत नसेल. ती भीती ठेवण्यासारखी आहे. परीक्षकांची नावे उघड करा म्हणजे ते सुधारतील, हेही ब्रिटिश मेडिकल जर्नलने १९९९मध्ये करून पाहिले. अभिप्रायांचा दर्जा फारसा बदलला नाही, नकार देणारे मात्र वाढले. नव्या संशोधकाने बड्या प्राध्यापकाचा पेपर आपल्या सहीनिशी हाणून पाडावा, ही अपेक्षाच अमानुष आहे. मला त्यातल्या त्यात पटते ते 'ईलाइफ' या जर्नलने २०२३पासून धरलेले धोरण. परीक्षणाला घेतलेल्या पेपरावर स्वीकारला किंवा नाकारला असा शिक्का मारायचाच नाही. पेपर आणि जाणकारांची मते शेजारी शेजारी छापायची, ज्याला गरज असेल त्याने दोन्ही वाचावीत. हे धोरण आले तेव्हा अनेक शास्त्रज्ञ खवळले, कारण शिक्काच नसेल तर बायोडेटात लिहायचे काय? प्रश्न रास्त आहे. पण तो विज्ञानाचा नाही, नोकरीचा आहे.

आपल्या आयोगानेही 'केअर' यादी बंद केल्याचे २०२५च्या फेब्रुवारीत जाहीर केले. कोणते जर्नल चांगले हे आता विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपले आपण ठरवायचे आहे, आयोग फक्त निकष सुचवणार. म्हणजे यादीवर बोट ठेवून मोकळे होणाऱ्या निवड समित्यांवर आता उमेदवाराचा पेपर उघडून वाचण्याची वेळ आली आहे.